मंगोलियन पदकं गुंतवणूक म्हणून कशी? दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

गुंतवणूक म्हणून घ्यावीत का, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नको. छंद म्हणून घ्यायची असतील तर मात्र जरूर घ्या. इतक्या कमी पैशात इतका इतिहास हातात देणारी दुसरी वस्तू मला तरी सापडलेली नाही.

मी कामानिमित्त साइनशांदला होतो. गोबीतलं रेल्वेवरचं गाव, जवळच भारताच्या कर्जातून तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतोय. सुट्टी मिळाली की गाडीनं उलानबातर गाठायचं आणि नरान तूल बाजारात जुन्या वस्तूंच्या गाळ्यांवर अर्धा दिवस काढायचा, असा क्रम पडून गेला. घोड्याचं खोगीर, तपकिरीच्या दगडी कुप्या, बुद्धमूर्ती आणि त्यांच्यात मखमलीच्या तुकड्यावर टोचून ठेवलेली पदकं. एका रुपयाला चाळीसेक तुग्रुग पडतात, त्यामुळे पहिल्यांदा किंमत ऐकून धडकी भरते आणि मग हिशेब केल्यावर हायसं वाटतं.

सुरुवात बहुतेक जण वर्धापनदिनाच्या पदकांपासून करतात. 1921 च्या क्रांतीला 50 वर्षं झाली म्हणून 1971 साली काढलेलं, खालखिन गोलला सोव्हिएत-मंगोल फौजांनी जपान्यांवर मिळवलेल्या विजयाच्या तिसाव्या वर्षी 1969 मध्ये काढलेलं, अशी ती बरीच आहेत. दिसायला सुंदर आणि हजार-दोन हजार रुपयांत मिळतात. पण ती भरपूर वाटली गेली, सोव्हिएत सैनिकांनाही दिली गेली. दहा वर्षं सांभाळली तरी ती तिथल्या तिथेच राहतील. त्यांच्या वरच्या पायरीवर ‘अल्तन गदस’, म्हणजे ध्रुवताऱ्याचा सन्मान (सन्मान म्हणजे साध्या पदकाहून वरच्या दर्जाचं सरकारी मानचिन्ह). 1936 पासून आजतागायत दिला जातो. नवा हवा असेल तर कुणीही दाखवेल, जुना हवा असेल तर शोधावा लागतो. शिखरावर 1941 चा, 1921 च्या क्रांतीच्या नेत्याच्या नावाचा सुखबातर सन्मान. सोव्हिएत सेनानी झुकोव्ह, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह अशांच्या छातीवर तो होता. त्याची किंमत लाखात जाते, आणि मी तो फक्त काचेआडून पाहिलाय.

खरी मजा जुना आणि नवा ओळखण्यात आहे. मंगोलियानं 1946 च्या सुरुवातीपासून सरकारी कारभारात सिरिलिक लिपी आणली. त्याआधीच्या पदकांवर पारंपरिक उभी मंगोल लिपी असते, वरून खाली उतरणारी. लिपी वाचता आली नाही तरी चालतं, उभी आहे की आडवी एवढं दिसलं तरी निम्मं काम झालं. मग पदक उलटं करायचं. जुन्या सन्मानांना मागे स्क्रू आणि चकतीसारखा नट असतो, नंतरच्यांना पिन. नट पुष्कळदा हरवलेला असतो आणि त्याजागी दुसऱ्याच पदकाचा बसवलेला असतो. विक्रेता ते आपणहून सांगणार नाही. त्यानंतर क्रमांक. तो ठोकलेला आहे की कोरलेला, आकड्यांची ठेवण कशी आहे, हे भिंगाखाली पाहायचं. सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग या कामाला पुरतं. सुरुवातीला मी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागवायचो, पण भिंगाला पर्याय नाही.

मीन्याकडे, म्हणजे पदकावरच्या काचेसारख्या रंगीत लेपाकडे, सगळ्यात जास्त लक्ष द्या. लाल किंवा निळ्या मीन्याचा टवका उडालेला असेल तर किंमत निम्म्यावर येते. हे माहीत असल्यामुळे काही जण टवका रंगानं किंवा राळेनं भरतात. उघड्या डोळ्यांना कळत नाही; नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला की भरलेला भाग वेगळाच चमकतो. नकलाही आहेत. अस्सल माल ठशानं ठोकलेला असतो, त्याच्या कडा तीक्ष्ण असतात. नकली बहुधा ओतीव असतो: कडा साबणासारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि मीन्याच्या जागी नुसता रंग. साध्या पदकांची नक्कल कोण कशाला करेल? नक्कल होते ती महागड्यांची, म्हणून स्वस्तात ‘सुखबातर’ कुणी दाखवला तर हसून पुढे जावं.

आता किमतीचं गुपित. आपल्याकडचे पदकवाले ब्रिटिश हिंदुस्थानच्या पदकांवर जीव टाकतात, कारण त्यांच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. मंगोलियन सन्मानांवर नाव नसतं, फक्त क्रमांक. कुणाला, कधी, कशासाठी दिलं हे सांगतं ते सोबतचं छोटं पुस्तक, ‘उनेमलेख’. त्यातला क्रमांक पदकावरच्या क्रमांकाशी जुळला तर त्या जोडीला नुसत्या पदकाच्या किती तरी पट भाव येतो. माझ्याकडे जे काही टिकाऊ आहे ते सगळं जोडीतलंच आहे. बाजारात पुस्तकं आणि पदकं वेगवेगळ्या ढिगांत पडलेली असतात, त्यामुळे जोडून विकायची युक्तीही चालते. अक्षर, शिक्का, फोटोची कड आणि क्रमांक, सगळं ताडून पाहा.

एक प्रकार मी घेत नाही. 1957 पासून अनेक मुलांच्या आईला ‘मातृगौरव’ सन्मान दिला जातो, दोन वर्गांत. तो आजही मिळतो आणि त्याबरोबर सरकारकडून वार्षिक रक्कमही येते. नादामच्या सणाच्या दिवसांत, जुलैत, साइनशांदच्या आज्या रेशमी देलवर, म्हणजे पारंपरिक अंगरख्यावर, तो लावून मिरवताना दिसतात. मखमलीवर टोचलेला तोच सन्मान पाहिला की हात पुढे जात नाही. अर्थात हा माझा नियम, तुमच्यावर लादत नाही. आणि व्यवहार म्हणून पाहिलं तरी तो इतका मुबलक आहे की त्यात कमाई नाहीच.

मग दुर्मिळ पदकं तरी चढतात का? मंगोलियाची लोकसंख्या 1940 च्या दशकात दहा लाखांच्याही आत होती, म्हणजे जुने सन्मान मुळातच थोडे. पण वस्तू थोड्या तसे घेणारेही थोडेच. 1990 नंतर अर्थव्यवस्था कोलमडली तेव्हा घराघरांतून पदकं बाहेर आली आणि परदेशी संग्राहकांनी ती उचलली. दुसरा झरा रशियाचा. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलम 324 नुसार रशियाचे आणि सोव्हिएत संघाचे सरकारी सन्मान विकणं गुन्हा आहे, पण मंगोलियन सन्मान त्यात बसत नाहीत, त्यामुळे आजोबांच्या पेटीतली ही पदकं तिथे उघड विकली जायची. 2022 नंतर रशियाशी पैशांचे व्यवहार अवघड झाले आणि तो माल बाहेर येणं रोडावलं. काही जण यालाच भाववाढीचं कारण समजतात. मला वाटतं, झरा पुन्हा मोकळा झाला की हाच माल एकदम बाजारात येईल.

विकण्याचा अनुभव जास्त बोलका आहे. एका युरोपियन लिलावगृहामार्फत मी काही पदकं विकायला काढली. गणित असं: बोली 100 वर थांबली तर घेणारा 120-125 मोजतो आणि विकणाऱ्याच्या हातात 80-85 पडतात. म्हणजे लिलावातून घेतलेली वस्तू लिलावातच विकायची तर नुसती मुद्दल सुटायला बोली जवळपास दीडपट व्हायला हवी. त्यावर टपाल, विमा आणि चलनबदल. मुदत ठेवीवाले माझ्याकडे पाहून हसतात आणि त्यांचं चुकत नाही. पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत ही पदकं लोक हातात घेऊन कौतुक करतात आणि शिवराईच्या टेबलाकडे वळतात.

देशाबाहेर काढण्याचाही प्रश्न आहे. मंगोलियात ऐतिहासिक आणि सांस्कृतिक वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. जुना सन्मान घेताना दुकानदाराकडून पावती आणि निर्यातीचा कागद मिळतोय का, ते पैसे देण्याआधी विचारा. नरान तूलच्या गाळ्यावर तो मिळत नाही, शहरातल्या परवानाधारक दुकानांत मिळतो. भाव अर्थातच चढा. माझ्या मते हा जास्तीचा पैसा वसूल होतो, कारण पुढे विकताना हाच कागद कामी येतो.

सांभाळण्याबद्दल. गोबीच्या कोरड्या हवेत पदक वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलं तरी काही होत नाही. ठाण्यातल्या कपाटात पहिल्याच पावसाळ्यात तांब्या-पितळेच्या पदकांवर हिरवट चिकटा दिसायला लागला. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं काढून टाकली, आता हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. चांदीवर आलेला काळसर थर तसाच राहू द्या. घरातलं कुणी प्रेमानं पीतांबरी लावायला गेलं तर डबा कुलपात ठेवा, कारण घासलेल्या पदकाकडे जाणता गिऱ्हाईक बघतही नाही.

दहा हजार रुपये बाजूला असतील तर मी वर्धापनदिनाची दहा पदकं न घेता पुस्तकासह एकच ‘अल्तन गदस’ घेईन, क्रमांक जुळणारा आणि मीना शाबूत असलेला. रक्कम मोठी असेल तर थांबून उभ्या लिपीतलं काही तरी. सध्या मी अशाच एका जोडीच्या मागे आहे, आणि दुकानदार किंमत उतरवायला तयार नाही.