मराठी यंत्रपुस्तिकेसाठी मुक्तस्रोत साधने : स्फिंक्स, आस्कीडॉक्टर, डिटा की लिबरऑफिस?

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात द्राक्षबागेचे ब्लोअर, हळद पॉलिश करण्याचे ड्रम किंवा शेतीची अन्य यंत्रे बनवणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याला आपल्या यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत काढायची असेल, तीच अथणी-विजापूरकडच्या गिऱ्हाइकांसाठी कन्नडमध्ये आणि लांबच्या वितरकांसाठी इंग्रजीत द्यायची असेल, आणि पंप किंवा नोझल बदलले की दरवेळी सुधारायचीही असेल, तर त्यासाठी कोणते साधन निवडावे, एवढाच प्रश्न या लेखात घेतला आहे. विचार फक्त मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड खुला असलेल्या आणि कोणालाही वापरता येणाऱ्या, साधनांचा केला आहे. यंत्र बागेत वर्षानुवर्षे चालते आणि त्याच्या सुट्या भागांची मागणी कारखान्याकडे तितकीच वर्षे येत राहते. अशा वेळी परवान्याची मुदत संपली म्हणून आपलीच जुनी पुस्तिका उघडता येऊ नये, ही अवस्था कोणत्याही कारखान्याला परवडणारी नाही.

या साधनांवर जगभर परिषदा होतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे सुरू झालेली ‘राइट द डॉक्स’ ही त्यांतली सर्वांत परिचित. ब्रुसेल्समध्ये दरवर्षी भरणाऱ्या ‘फॉसडेम’ या मुक्तस्रोत मेळाव्यातही दस्तऐवजांच्या साधनांवर भाषणे झालेली आहेत. दोन्हीकडची बरीच भाषणे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात आणि निर्णय घेण्यापूर्वी त्यांतली काही जरूर पाहावीत. मात्र तिथल्या तुलना मुख्यतः सॉफ्टवेअरच्या इंग्रजी दस्तऐवजांना समोर ठेवून केलेल्या असतात. संकेतस्थळ किती लवकर तयार होते, कोडचे नमुने कसे दिसतात, हे तिथले कळीचे प्रश्न असतात. आपला वाचक ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बांधावर उभा आहे आणि त्याच्या हातात छापील पुस्तिका आहे. त्यामुळे आपल्या कसोट्या दोनच, पण वेगळ्या आहेत : छापील पानावर मराठी अक्षर शुद्ध उमटते का, आणि पुस्तिका लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावर दुसऱ्याला ती सुधारता येते का.

पहिल्या कसोटीपासून सुरुवात करू, कारण अनेक चांगली साधने तिथेच गळतात. संगणकात ‘फिल्टर’ हा शब्द साठवताना आधी ‘फ’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. दाखवताना मात्र ती वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते आणि ‘ल्ट’ जोडून घ्यावा लागतो. ही मांडणी करणारी यंत्रणा साधनात नसेल, तर वेलांटी ‘फ’च्या पुढे जाऊन ‘ल’ला चिकटल्यासारखी दिसते, ‘ल’चा पाय मोडलेला राहतो आणि ‘ट’ एकटा पडतो. संगणकाच्या पडद्यावर हे सहसा लक्षात येत नाही, कारण ब्राउझर ही मांडणी स्वतः बिनचूक करतो. दोष उघडा पडतो तो पीडीएफमध्ये, म्हणजे छापखान्याकडे जाणाऱ्या फाइलमध्ये. म्हणून कोणतेही साधन पारखताना ‘कऱ्हाडच्या गुऱ्हाळातील इंजिनाचा फिल्टर स्वच्छ करा आणि कार्ब्युरेटर तपासा’ अशा एका वाक्याची पीडीएफ सर्वांत आधी काढून, छापून पाहावी. ‘ऱ्हा’, ‘च्छ’, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी, सगळेच त्या एका ओळीत तपासले जाते.

आस्कीडॉक्टर या कसोटीवर सरळ मार्गाने उतरत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण लिहिण्याच्या दृष्टीने ते या सगळ्यांत सुबक आहे. आस्कीडॉक ही साध्या मजकुरात खुणा घालून शीर्षके, याद्या दाखवण्याची पद्धत २००२ मध्ये आली आणि तिच्यावर आधारलेले आस्कीडॉक्टर २०१३ पासून वापरात आहे. टीप, सावधानता, इशारा यांसाठी त्यात तयार खुणा आहेत. कोष्टके भरपूर ताकदीची आहेत. एक फाइल दुसरीत ओढून घेणे एका ओळीचे काम आहे. परंतु त्याचे नेहमीचे पीडीएफ साधन ‘प्रॉन’ नावाच्या रुबी संचावर चालते आणि त्यात देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी होत नाही. वर सांगितलेला मोडका ‘फिल्टर’ तिथे हमखास दिसतो. यावर उपाय आहे : आधी एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल, तयार करायचे आणि ते क्रोमियम ब्राउझरकडून पीडीएफमध्ये छापून घ्यायचे. अक्षरे त्यातून चोख येतात, पण पानांचे शीर्ष, पृष्ठांक आणि पानाची विभागणी यांसाठी सीएसएस, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा, जाणणारा माणूस लागतो. असा माणूस कारखान्यात कायमचा असेल तरच हा मार्ग धरावा.

स्फिंक्सकडे वेळ देऊन पाहिले पाहिजे. गेओर्ग ब्रांडल यांनी पायथन या संगणकभाषेच्या दस्तऐवजांसाठी ते तयार केले आणि २००८ मध्ये खुले केले. २०१६ पासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, दस्तऐवजही त्याकडे वळले. स्फिंक्स पीडीएफसाठी लाटेक या पानजुळणीच्या साधनाचा आधार घेते. मूळ ठेवणीत ते जे लाटेक वापरते ते देवनागरीसाठी निरुपयोगी आहे, पण मांडणीच्या फाइलमध्ये एका ओळीत झीलाटेक हा त्याचाच युनिकोड फाँट चालवणारा प्रकार निवडला आणि पुढच्या ओळीत फाँट, देवनागरी लिपी आणि मराठी भाषा सांगितली की जोडाक्षरे निर्दोष येतात. यातला ‘मराठी भाषा’ हा तपशील वगळू नये. ज्या फाँटमध्ये तशी सोय असते, तिथे भाषा मराठी सांगितल्यावर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या वळणाचे येतात. न सांगितल्यास हिंदी वळणाचे येतात, आणि आपल्याकडचा वाचक ते लगेच ओळखतो.

स्फिंक्सचे दुसरे बळ भाषांतराच्या सोयीत आहे आणि कन्नड सीमेलगतच्या जिल्ह्यात ही सोय फार मोलाची ठरते. मूळ मराठी मजकुरातून ते परिच्छेदागणिक एक यादी काढते. भाषांतरकार त्या यादीत प्रत्येक परिच्छेदासमोर कन्नड मजकूर भरतो, तोही पोएडिटसारख्या साध्या प्रोग्राममध्ये, स्फिंक्स न शिकता. पुढच्या हंगामात तुम्ही ‘पीटीओ शाफ्टला दर आठ तासांनी ग्रीस द्या’ हे वाक्य बदललेत आणि यादी ताजी केलीत, की त्या एका परिच्छेदावर ‘पुन्हा पाहा’ अशी खूण पडते, बाकीचे भाषांतर जागच्या जागी राहते. चाळीस पानांच्या पुस्तिकेत काय बदलले हे भाषांतरकाराला शोधत बसावे लागत नाही आणि जुनी सूचना कन्नड प्रतीत तशीच राहून जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला पोहोचवणारा दांडा, सहसा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्या गार्डविषयीची सूचना एका भाषेत नवी आणि दुसऱ्या भाषेत जुनी असणे म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे. निव्वळ या एका कारणासाठी मी दोन किंवा अधिक भाषांच्या पुस्तिकेला स्फिंक्स सुचवतो.

स्फिंक्सचे तोटेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. लाटेकचा पूर्ण संच काही जीबींचा असतो आणि पहिली मांडणी बसवायला जाणकार लागतो. त्याची मूळ लेखनपद्धत, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, मोकळ्या जागांच्या बाबतीत काटेकोर आहे. शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड भरली तर ती इशारा देते, आणि काना, मात्रा, वेलांट्या स्वतंत्र मोजल्या जात असल्याने मराठीत ही रेघ डोळ्यांना वाटते त्यापेक्षा बरीच लांब ओढावी लागते. हे नको असेल तर मिस्ट नावाच्या जोडसाधनाने स्फिंक्समध्ये मार्कडाउन ही त्याहून साधी खुणांची पद्धत वापरून लिहिता येते आणि नवशिक्यांसाठी मी तेच पसंत करीन. संकेतस्थळावरील शोधाची सोय मात्र मराठीत लंगडी आहे, कारण ती शब्द काना-मात्रांपाशी तोडते. छापील पुस्तिका हेच मुख्य काम असेल तर याने फारसे अडत नाही.

डिटा ही आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५ पासून ओएसिस या संस्थेने प्रमाणित केलेली एक्सएमएल पद्धत आहे, म्हणजे तिच्यात मजकुराच्या प्रत्येक भागाभोवती त्याचे नाव सांगणाऱ्या खुणा असतात. तिचे मुक्तस्रोत साधन ‘डिटा ओपन टूलकिट’ जावा या संगणकभाषेवर चालते. तिची कल्पना अशी, की पुस्तिका सलग न लिहिता विषयांचे लहान स्वतंत्र तुकडे लिहायचे : एक तुकडा पंपाची ओळख देतो, दुसरा पट्टा बदलण्याची कृती सांगतो, तिसरा सुट्या भागांचे कोष्टक देतो. समजा, कारखान्याची ब्लोअरची सात-आठ मॉडेल आहेत आणि त्यांतल्या पाचांत एकच पंप आहे, तर पंपाचा तुकडा एकदाच लिहून पाचही पुस्तिकांत येतो. पीडीएफसाठी टूलकिटसोबत येणारे अपाची फॉप २०१२ पासून देवनागरीची मांडणी करू शकते. मात्र फाँटची जुळणी, तसेच ‘टीप’, ‘इशारा’, ‘अनुक्रमणिका’ अशी आपोआप उमटणारी शीर्षके मराठीत नीट येतात की नाही, हे तपासून भरून घ्यावे लागते. त्याहून मोठी अडचण लिहिण्याची आहे. एक्सएमएलच्या खुणा हाताने लिहिणे कंटाळवाणे आहे आणि त्यासाठीचे चांगले संपादक बहुधा विकत घ्यावे लागतात, म्हणजे खर्च मागच्या दाराने आत येतो. किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणच्या मोठ्या पंप कारखान्याच्या आवाक्याचे काम असेल तर डिटाचा विचार योग्य आहे. दोन मॉडेलच्या कारखान्याने त्या वाटेला जाऊ नये.

लिबरऑफिस रायटरला दस्तऐवजतज्ज्ञ सहसा या तुलनेत धरत नाहीत, पण तसे करणे मला अन्यायाचे वाटते. देवनागरीची मांडणी त्यात चोख होते, पीडीएफ थेट निघते, आणि कार्यालयातल्या टंकलेखन येणाऱ्या कोणालाही ते वापरता येते. दुसऱ्या कसोटीवर, म्हणजे माणूस बदलल्यावर काम चालू राहण्याच्या बाबतीत, ते सर्वांत पुढे आहे. अट एकच : शीर्षके, इशारे, कृतीच्या पायऱ्या यांना हाताने ठळक न करता नावाच्या शैली द्याव्यात. एका भाषेची, वीस-पंचवीस पानांची आणि वर्षातून एकदा बदलणारी पुस्तिका असेल तर याहून जड काही घेऊ नये. भाषा वाढल्या की मात्र कोणत्या प्रतीत काय बदलायचे राहिले, याचा हिशेब माणसालाच ठेवावा लागतो.

एमकेडॉक्स आणि डॉक्युसॉरस ही संकेतस्थळासाठीची उत्तम साधने आहेत, पण पीडीएफ हा त्यांचा मूळ विषय नाही. २०२३ मध्ये खुले झालेले टाइपस्ट हे पानजुळणीचे साधन देवनागरी नीट मांडते, लाटेकपेक्षा फार हलके आहे आणि शिकायलाही सोपे. पुढील काळात त्याकडे लक्ष ठेवावे. मात्र भाषांतराच्या यादीची जी सोय स्फिंक्समध्ये आहे ती त्यात अंगभूत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट निर्णयाच्या आधीच निकालात काढावी लागते. जुन्या पुस्तिकांचा मजकूर बहुधा छापखान्यात श्रीलिपीसारख्या साधनात, युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताआधीच्या, फाँटमध्ये टाइप केलेला असतो. वर सांगितलेल्या कोणत्याही साधनात तो तसाच चालणार नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर ओळीओळीने वाचावा, कारण रूपांतरात रफार आणि ‘ऱ्या’ हटकून बिघडतात. छापखान्याला यापुढे टाइप करायला हस्तलिखित न देता फाँट आत बसवलेली पीडीएफ द्यावी, म्हणजे मूळ मजकूर कारखान्याच्या ताब्यात राहतो.

ज्यांचा निर्णय अजून होत नसेल त्यांनी लिबरऑफिसमध्ये शैली वापरून पहिली मराठी पुस्तिका काढावी. कन्नड आवृत्तीची वेळ आली की पॅनडॉक या मुक्तस्रोत साधनाने तोच दस्तऐवज रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये किंवा मार्कडाउनमध्ये बदलून स्फिंक्समध्ये नेता येतो. शैली नेमकेपणाने दिलेल्या असतील तर शीर्षके, याद्या आणि साधी कोष्टके बहुतांशी शाबूत येतात. जोडलेल्या घरांची कोष्टके आणि आकृत्यांच्या जागा मात्र हाताने नीट कराव्या लागतात.