गाडी गरम होते: नाक्यावरचं गॅरेज की कंपनीचं वर्कशॉप?

मे महिन्यात सायन-पनवेल मार्गावर बोनेट वर करून उभी असलेली गाडी दिसली की शेजारी दोन सल्लागार हमखास उभे असतात. एक म्हणतो, "सरळ कंपनीत टाका." दुसरा म्हणतो, "पैसे जास्त झालेत का? आमच्या नाक्यावर दाखवा." तापमानाचा काटा नेमका कधी चढतो, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. गाडी कुठे न्यायची ते खरं तर त्यावर ठरतं.

मला हे पैसे मोजून कळलं. माझी गाडी सिग्नलला तापायची. एका मोठ्या वर्कशॉपने तपासणीच्या नावाखाली नवा रेडिएटर बसवला, छापील बिल दिलं आणि आठवड्याभरात कुर्ल्याच्या जाममध्ये काटा पुन्हा वर. शेवटी नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बदलला. दोघांच्या पावभाजीएवढे पैसे झाले.

सिग्नलला गरम, धावताना ठीक

गाडी धावत असली की समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो. उभी राहिली की सगळा भार फॅनवर येतो. म्हणून जाममध्ये तापणारी आणि फ्रीवेवर शांत होणारी गाडी असेल, तर आधी संशय फॅनवर घ्या. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. नाही फिरला, तर फ्यूज, रिले, सेन्सर किंवा मोटर यांपैकी काहीतरी गेलंय. (हात लांब ठेवा, फॅन अचानक सुरू होतो.)

मुंबईत याला एक खास कारण आहे. जुलैत हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून गाडी काढलेली असते, फॅनच्या मोटरमध्ये पाणी आणि गाळ शिरलेला असतो. पावसाळाभर हवा गार, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं की बिंग फुटतं.

या दुखण्याला नाक्यावरचं गॅरेज केव्हाही बरं. टेस्ट लॅम्प लावून तासाभरात दोष सापडतो, फक्त खराब झालेला तेवढाच भाग बदलला जातो. वर्कशॉपमध्ये बऱ्याचदा फॅनची अख्खी असेंब्ली बदलतात. पण नाक्यावर एक वाक्य ऐकायला मिळेल: "साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो." म्हणजे सेन्सरला बगल देऊन चावी फिरवली की फॅन चालू. घरी पोहोचायला ठीक आहे. कायमचं नको, कारण मोटर विनाकारण दिवसभर फिरते आणि मूळ दोष तसाच राहतो.

घाटात, वेगात गरम

इथे गोष्ट उलटी. खोपोली सोडून खंडाळ्याचा चढ लागला आणि काटा सरकू लागला, तर वारा भरपूर आहे, पाणी फिरत नाहीये. कूलंट (इंजिनात फिरून त्याला गार ठेवणारं पाणी) कमी असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल, थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडत नसेल किंवा वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) थकली असेल. हे नुसतं बघून कळत नाही. पंपाने दाब देऊन गळती तपासावी लागते. हे उपकरण ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. वर्कशॉपमध्ये ते असतंच, नाक्यावर आधी विचारून घ्या.

रेडिएटरच्या झाकणापासून सुरुवात करायला सांगा. सर्वात स्वस्त भाग तोच. साधारण १ बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणामुळे पाण्याचा उकळबिंदू १०० वरून १२० अंशांच्या आसपास जातो. रबर सैल झालं की दाब जातो आणि सगळी सिस्टीम ठणठणीत असूनही पाणी उकळून बाहेर येतं. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा, नाहीतर वाफेने हात-तोंड भाजतं.

रेडिएटर दुरुस्त करावा की बदलावा? जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला झाळ मारता यायची, तो वर्षानुवर्षं चालायचा. आताच्यांची जाळी अॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. प्लॅस्टिकला तडा गेला की एम-सील लावून फार तर ठाण्यापर्यंत जाल. तडा असेल तर नवाच घ्या. नुसता चोंदला असेल तर साफ करून बघायला हरकत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने रेडिएटरही मिळतात, पण त्यात आतून किती क्षार बसलाय ते दिसत नाही, म्हणून मी घेणार नाही.

थर्मोस्टॅटबद्दल मेकॅनिकचा आवडता युक्तिवाद: "काढून टाकू, मुंबईत थंडी कुठे आहे?" ऐकायला बरोबर वाटतं. पण थर्मोस्टॅट इंजिनला साधारण ८० ते ९० अंशांवर आणून ठेवतो. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून उलट जास्त गरम होतं. नवा टाका.

आणि कूलंटच्या टाकीत बिल्डिंगच्या टँकरचं किंवा बोअरचं पाणी ओतू नका, त्यातले क्षार आतल्या नळ्यांत बसतात. तयार मिश्रण नसेल तर कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळूनच घाला.

खाली थेंब नाही, तरी पाणी कमी

हे सर्वात महागडं दुखणं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून थांबतच नाही असा पांढरा धूर, टाकीत बुडबुडे, यांपैकी काही दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याचा दाट संशय. अशी गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीचं वर्कशॉप, दुसरा विचारच नको. नसेल, तर कामाची खरी कसोटी मशीन शॉपमध्ये (जिथे हेड घासून सपाट करतात) लागते, कारण तापलेलं अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. दोन्हीकडे हाच प्रश्न विचारा: हेड किती वाकलंय ते मोजलं का, तडा तपासला का, आणि आकडा काय आला? चालण्याजोगा फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. "नुसतं गॅस्केट बदलू, हेड चांगलं दिसतंय" असं म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

या कामाचा खर्च हजारांत, कधी दहा-वीस हजारांच्याही पुढे जातो. गाडी १५ वर्षांची होऊन पुन्हा पासिंगला जायला वर्ष-दोन वर्षं उरली असतील, तर हेड उघडायला सांगण्याआधी मी जुन्या गाड्यांच्या डीलरला एक फोन करून, आहे त्या अवस्थेतल्या गाडीचा भाव विचारून घेईन.