पंचायतीने शिकायचं कुठे: प्रशिक्षण वर्गात की शेजारच्या गावात?

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. निवडणुकीनंतर नवख्या पंचांवर कचरा, पाणी, रस्ते सगळं एकदम येऊन पडतं.

सरकारी प्रशिक्षण वर्गाचं बळ कायद्यात. १९९४चा गोवा पंचायत राज कायदा, ग्रामसभेचे अधिकार, निविदा, लेखापरीक्षण हे समजून घ्यायला जाणकारासमोर बसायलाच हवं. इथे ऐकीव माहिती महागात पडते.

पण कचऱ्याचं घ्या. ओला, सुका असं वेगवेगळं करायचं हे केंद्रीय नियमांतलं. वर्गात ते अर्ध्या तासात सांगून होतं. भाड्याच्या खोल्यांतल्या कुटुंबांपर्यंत कोणी पोचायचं, कचरा वेगळा करून ठेवायच्या शेडसाठी जागा म्हटली की वाड्यावरची माणसं का अडतात, पावसाळ्यात भिजलेलं प्लास्टिक कुठे ठेवायचं, हे ज्या गावाने निभावलंय तेच सांगेल. डिचोली तालुक्यातल्या पंचाने शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या पंचाला थेट शेडवर न्यावं. सोबत कचरा गोळा करणाऱ्या आणि स्वयंसहायता गटाच्या बायकाही हव्यात, कारण खरं काम त्यांनाच ठाऊक असतं. फसलेल्या गोष्टीही तिथे मोकळेपणी बोलल्या जातात. अधिकाऱ्यासमोर कोण बोलेल?

अडचण एक, पण मोठी. सरपंच बदलला की ओळख तुटते. म्हणून पंचायत सचिवांना यात धरणं मला फार गरजेचं वाटतं: त्यांची बदली झाली तरी शिकलेलं पुढच्या गावी पोचतं.

नव्या पंचाने पहिल्या महिन्यात वर्ग करावा, मग वर्षभर शेजारच्या गावांकडे जावं.