सेटिंग बिघडलं: सेफ मोड, सिस्टम रिस्टोअर की रीसेट?

विंडोजचं एखादं सेटिंग चुकून बदललं आणि मशीन अडून बसलं की बरेचजण थेट रीसेटकडे, म्हणजे विंडोज नव्याने बसवण्याकडे धावतात. मला ते अजिबात पटत नाही. आधी शांतपणे आठवा, नेमकं काय बदललं होतं?

ते आठवत असेल तर सेफ मोडच, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींवर विंडोज चालू करणं. एकदा कॉम्प्युटर लवकर चालू व्हावा म्हणून मी सिस्टम कॉन्फिगरेशन (msconfig) उघडलं आणि ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर टिक न करताच ‘डिसेबल ऑल’ दाबलं. रीस्टार्ट केल्यावर पिन चालेना. मग लॉगिन स्क्रीनवरच शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं करत शेवटी सेफ मोडसाठी ४ दाबलं. तिथेही पिन चालला नाही, पासवर्ड मात्र चालला. मग सिस्टम कॉन्फिगरेशनच्याच खिडकीत ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडलं आणि पुढच्या रीस्टार्टला सगळं जागेवर. रोज पिन वापरत असलात तरी पासवर्ड लक्षात ठेवा, तो असा अडीनडीला लागतो.

काय बदललं ते आठवत नसेल किंवा रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) चार ठिकाणी हात घातला असेल, तर सेफ मोडमध्ये चाचपडत बसण्यापेक्षा सिस्टम रिस्टोअर बरा. रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि सिस्टमच्या फाइल्स तो जुन्या तारखेच्या स्थितीला नेतो; तुमचे फोटो आणि कागदपत्रं जिथल्या तिथे राहतात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. कोणते जाणार, हे ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’वर क्लिक केलं की आधीच दिसतं. अडचण एकच: रिस्टोअर पॉइंट, म्हणजे त्या जुन्या स्थितीची आधी जपलेली नोंद असायला हवी. कित्येक मशीनवर ही नोंद ठेवणारं सिस्टम प्रोटेक्शन बंदच असतं आणि ते नेमकं गरजेच्या वेळी कळतं. तुमचं मशीन आत्ता नीट चालत असेल तर आजच तपासून चालू करा.

विंडोज उघडतच नसेल तरी हे दोन्ही मार्ग बंद होत नाहीत. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की ऑटोमॅटिक रिपेअरची स्क्रीन सहसा आपोआप येते आणि तिथून दोन्हीकडे जाता येतं.

रीसेट सगळ्यात शेवटी. ‘कीप माय फाइल्स’ या नावावर विसंबू नका. फाइल्स राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम आणि केलेली सेटिंग्ज जातात. पुढचे दोन दिवस लायसन्स शोधण्यात आणि प्रिंटर पुन्हा जोडण्यात जातात. ‘क्लाउड डाउनलोड’ (विंडोज इंटरनेटवरून उतरवून घेणं) निवडलंत तर साधारण ४ जीबी डेटाही लागतो. विंडोजच्या फाइल्सच खराब झाल्या असतील तर तो वेळ सार्थकी लागतो. एका चुकलेल्या टिकसाठी नाही.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप) असेल तर यातल्या कुठल्याही वाटेवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून ती आधी कागदावर उतरवून घ्या, मगच पुढचं बटण दाबा.