बादलीत गळलेल्या उवा, बोडीत ओतलेलं मीठ

साकोली, लाखनी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात जे कोणी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, तिलापिया मासे पाळतात, त्यांनी हे वाचाच. आम्हाला लुबाडणारा माणूस अजून गावोगाव फिरतोय असं ऐकतो.

उन्हाळ्यात पाणी आटलं, मासळी दाटली आणि उवा लागल्या. मासे बांबूला अंग घासत, मधूनच उसळ्या मारत. एक धरून पाहिला, तर पराच्या बुडाशी मसुराच्या डाळीएवढी चपटी, हिरवट ऊ खवल्यांवरून सरकत होती. हीच अर्ग्युलस. ही रक्त पिते, टोचते तिथे लाल जखम करते.

तेवढ्यात एक ‘मासळी डॉक्टर’ मोटारसायकलवर आला. “भाऊ, पैसे नंतर, आधी डोळ्यानं पाहा.” मासा आमचा, बादली आमची. त्यानं कॅनमधलं औषध ओतलं, जरा वेळानं उवा सुटून तळाशी पडल्या. सगळ्या घरादारानं पाहिलं. पाच-पाच लिटरच्या दोन कॅनचे सात हजार रोख घेतले. बिल नाही, कॅनवर नाव नाही. बोडीत ओतलं, पण एक ऊ हलली नाही.

रिकाम्या कॅनच्या तोंडाशी पांढरे खडे धरले होते. मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या पुतण्यानं ओळखलं, हे मीठ!

लिटरला 20 ग्रॅम मिठाच्या पाण्यात मासा पाचेक मिनिटं ठेवला की उवा पकड सोडतात, मरतातच असं नाही. बादलीत जे दिसलं ते खरंच होतं, म्हणून तर माणूस फसतो. माझी बोडी 10 गुंठ्यांची, पाणी मीटरभर, म्हणजे सुमारे 10 लाख लिटर. तेवढ्याला 20 टन मीठ लागलं असतं. त्या दोन कॅनमध्ये फार तर तीन-सव्वातीन किलो असेल.

शिवाय उवेची मादी माशाला सोडून दगडांवर, काटक्यांवर अंडी चिकटवते. तिथे औषधाचं सोंग काय करणार? ती अंडी चिकटतील अशा लाकडी फळ्या पाण्यात सोडा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. हंगाम संपला की बोडी आटवून तळ भेगाळेपर्यंत सुकू द्या, चुना टाका. अँटिबायोटिकनं उवा जात नाहीत, त्यावर पैसे घालू नका. शंका असेल तर नागपुरात तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारा.

आणि बादलीतला खेळ दाखवणाऱ्याला कॅनवरचे घटक, एकरी मात्रा आणि पक्कं बिल मागा. आमच्याकडे आलेल्यानं बोडीत पाणी किती, हेसुद्धा विचारलं नव्हतं.