व्हीसी की मॅगिट: इमॅक्समध्ये गिट कशातून चालवावं?

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरवर हात बसला की हा प्रश्न येतोच: गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, चालवायला त्यात मुळात असलेल्या व्हीसीवर भागवायचं, की मॅगिट हे वेगळं पॅकेज बसवून घ्यायचं? मी दोन्ही वापरलीयत, पर्वरीला ऑफिसातल्या कोडसाठी आणि फोंड्याला घरी नाटकाच्या संहितेसाठी. आमच्या गावच्या जत्रेत रात्री देवळासमोर मराठी नाटक होतं. त्याची संहिता टाइप करून सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. माझा कल ठरला तो या संहितेमुळे.

व्हीसीला कमी लेखू नका. एरिक रेमंड यांनी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं. गिट आलं त्यानंतर, २००५ मध्ये, म्हणजे व्हीसी काही गिटसाठी लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे खाली कोणती प्रणाली आहे याची फिकीर वापरणाऱ्याला पडू नये, हाच व्हीसीच्या मांडणीचा पाया. कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबा. फाइल नोंदलेली नसेल तर ती नोंदवतं, बदल असतील तर कमिटला, म्हणजे इतिहासात नोंदवायला घेतं. इमॅक्सचा स्वतःचा सोर्स सीव्हीएसवरून बाझारवर (याही गिटसारख्याच प्रणाली) आणि २०१४ मध्ये गिटवर गेला, तरी या कळा त्याच राहिल्या. तुमच्या ऑफिसात एखादा जुना प्रकल्प अजून गिटऐवजी सबव्हर्जनवर असेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. व्हीसीच घ्या.

मॅगिटची तऱ्हा वेगळी. मारियस व्होल्मर यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं, आता योनास बर्नुली सांभाळतात. ते फक्त गिटशी बोलतं आणि गिटचं काही झाकून ठेवत नाही. स्टेटस बफर (सद्यस्थितीचं पान) उघडला की स्टेज न केलेले बदल, स्टेज केलेले, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल, अलीकडचे कमिट असं सगळं एका पानावर. डॉलरची कळ दाबली की मागे कोणकोणत्या गिट आज्ञा चालल्या तेही दिसतं. अर्धंअधिक गिट मी त्या यादीतूनच शिकलो असेन.

आता मला खटकलेली गोष्ट. व्हीसी फाइल हे एकक धरतं. मासळी बाजारात वाटा घेतला की त्यात असेल ते सगळं पदरी पडतं, तसं. संहितेचा एक प्रवेश म्हणजे एक फाइल. दिग्दर्शकांनी सांगितलेला संवाद कापताना वाटेत दिसलेले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारत जातो. कोण नाही सुधारत? कमिट करायला गेलं की दोन्ही एकत्र जातं. आणि तालमीला चार दिवस उरले की फोन येतो, "अरे, दुसऱ्या प्रवेशातला तो संवाद परत घाल रे, प्रवेश उघडा पडतो." ते कमिट उलटवलं की संवाद परत येतो, आणि त्याच्याबरोबर शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकाही. बरं, टर्मिनलवर निवडक बदल स्टेज करून ठेवले, तरी व्हीसी कमिट करताना ती निवड न जुमानता अख्खी फाइल घेत असे. या एका गोष्टीने मी जेरीस आलो.

न्यायाने सांगायचं तर २०२३ च्या इमॅक्स २९ पासून यावर उपाय आहे. डिफ (बदललेल्या ओळींची यादी) उघडायचा, नको असलेले हंक (बदलांचे तुकडे) त्यातून काढायचे आणि उरलेला डिफ तिथूनच कमिट करायचा. चालतं. पण जे हवं ते उचलण्याऐवजी नको ते खोडत बसायचं, हे मला उलटं वाटतं. मॅगिटमध्ये हंकवर जाऊन एस दाबला की तो स्टेज होतो. हंकातल्या दोनच ओळी हव्या असतील तर तेवढ्या निवडून एस. मग संवादाचं एक कमिट, शुद्धलेखनाचं दुसरं. (दोन्ही आलटून पालटून वापरणार असाल तर जपून: व्हीसीच्या डिफमध्ये के दाबला की हंक फक्त त्या डिफमधून जातो, मॅगिटमध्ये के दाबला की फाइलमधला बदलच जातो. मॅगिट आधी विचारतं म्हणा, पण सवयीने वाय दाबला जातोच.)

मराठी मजकुरासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. एका ओळीत एकच संवाद लिहा, नाहीतर ओळी निवडण्याचा फायदा नाही. गिटमध्ये कोअर कोटपाथ (core.quotePath) ही सेटिंग बंद करा, नाहीतर टर्मिनलवर देवनागरी फाइलनावांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. आणि टायपिंगला इमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत घ्या. सिस्टिमचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असला तर मॅगिटमध्ये एस दाबल्यावर एकाराची मात्रा उमटू पाहते आणि इमॅक्स म्हणतं, अशी आज्ञाच नाही.

वेगाचं म्हणाल तर माझ्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मॅगिट कधी अडल्यासारखं वाटलं नाही. विंडोजवर मात्र ते रेंगाळतं. दर वेळी गिटच्या बऱ्याच प्रक्रिया सुरू कराव्या लागतात आणि विंडोजवर ते काम महाग. तुमचं मशीन तसं असेल तर व्हीसीच बरं वाटेल कदाचित.

काही जण मॅगिट घेतल्यावर वेगासाठी गिटपुरतं व्हीसी बंद करतात. मी ते केलेलं नाही. मजकुराचा तुकडा निवडून कंट्रोल-एक्स व्ही एच दाबलं की तेवढ्याच तुकड्याचा इतिहास समोर येतो. एखादा संवाद कुठल्या तालमीनंतर बदलला ते मी आजही तिथेच बघतो. कमिट मात्र मॅगिटमधूनच.