डाइव्ह कॉम्प्युटरचा नो-फ्लाय टायमर: उथळ डाइव्हनंतर किती भरवशाचा?

डाइव्ह करून पाण्याबाहेर आलं की डाइव्ह कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर विमानाचं चिन्ह येतं आणि शेजारचे तास कमी होत जातात. विमानात बसायला अजून किती थांबायचं, ते सांगणारा हा नो-फ्लाय टायमर. हा आकडा पाण्याखाली श्वासातून अंगात साठलेला नायट्रोजन मोजून आलेला नसतो. कंपनीने आत घातलेल्या नियमातून तो निघतो, आणि प्रत्येक कंपनीचा नियम निराळा.

मारेस पक आणि क्रेसी लिओनार्डो: एका नो-डीको डाइव्हला (जिच्यात वर येताना नायट्रोजन बाहेर पडायला सक्तीचे थांबे, म्हणजे डीको, लागत नाहीत) 12 तास, पुन्हा उतरलात किंवा डीको लागला की 24. ओशनिकच्या बऱ्याच मॉडेलांत सरसकट 24 तासांची उलटी मोजणी. ढोबळ आहे, पण चुकली तरी सुरक्षित बाजूलाच चुकते. सुंटो किमान 12 तास देतो, आणि डीसॅच्युरेशनला, म्हणजे साठलेला नायट्रोजन निघून जायला, त्याहून जास्त लागणार असेल तर तेवढे. मेख इथेच आहे. डॅन या डाइव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीत 12 तास फक्त एकाच नो-डीको डाइव्हला. दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या तर किमान 18. दोन छोट्या उथळ डाइव्हनंतर सुंटोवर 12 च दिसू शकतात. तिथे 18 धरा.

उथळ होतं म्हणून सूट मिळत नाही. 6 मीटरवर एकूण दाब 1.6 बार, त्यात नायट्रोजन साधारण 1.26. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब 8,000 फुटांवरच्याइतका, म्हणजे सुमारे 0.75 बारपर्यंत उतरू शकतो. दाब असा घटला की साठलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. तासाभरात सगळ्या ऊती भरत नाहीत, हे खरं. पण उथळ पाण्यात नो-डीको वेळ भरपूर मिळतो, म्हणून माणसं हवा संपेपर्यंत रेंगाळतात, दुपारी पुन्हा उतरतात, आणि संथ ऊती (नायट्रोजन सावकाश घेणाऱ्या आणि सावकाश सोडणाऱ्या) भरत राहतात.

'डीसॅट' (डीसॅच्युरेशनला उरलेला वेळ) हा आकडा वेगळा. तो शून्यावर आला म्हणजे विमानाला मोकळीक, असं नाही. सकाळी एकाने आणि दुपारी दुसऱ्याने तेच घड्याळ बांधलं, तर टायमर दोघांच्याही कामाचा नाही. डीको चुकवून वर आलात तर सुंटो थेट 48 तास लावतो, ते योग्यच. घाटरस्ताही विसरू नका: डॅनची शिफारस 2,000 फूट उंचीपासून लागू होते, टायमरला मात्र तुमचा पुढचा रस्ता माहीत नसतो.

तिकीट काढताना टायमर आणि 18 तास यांतला मोठा आकडा घ्या. डीको डाइव्ह असेल तर 24 च्या खाली येऊ नका. सांधेदुखी, मुंग्या किंवा चमत्कारिक थकवा असेल तर टायमर शून्यावर असला तरी विमानात चढू नका. ऑक्सिजन लावा आणि डाइव्हिंगची माहिती असलेला डॉक्टर गाठा.